सोयऱ्यांना सांगायजोगं कारण

७ डिसेंबर

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, रोज लिहीत जा: बोटं कधी पांढरी पडली, काय करताना पडली, किती वेळ तशी राहिली. म्हणून लिहून राह्यले. न्हाई तर दहावीनंतर मी पेन धरला तो फक्त गॅसच्या टाकीची सही करायला. डायरी आमच्या तृप्तीनं दिली. ती नवीन जालन्यात बियाणं कंपनीच्या लॅबमधी हाय, रविवारी घरी येते. वर्ष सरत आलं तरी ही डायरी कोरीच पडली होती. दर महिन्याला एका पिकाचा फोटो. डिसेंबरला वांगं आलंय, तेही काटेरी.

तर आज: सकाळी हौदात हात घातला अन् बोटं खडूवाणी पांढरी. मंग निळी. मंग बंबापाशी धरली तर लालभडक. तृप्ती म्हणली, "मम्मी, फ्रान्सचा झेंडा झाला बघ." म्हणलं, मंग उभी राहून सलामी दे, अन् पहिले हौदातनं बादली भरून आण.

आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. हे नीट म्हणायला शिकले तवर अर्धा आजार जुना झाला. कातडी कडक होत जाते. बोटांची झालीच हाय, आता तोंडाची होऊन राह्यली.

८ डिसेंबर

कारणाचं लिहायचं राहिलं. डॉक्टरीणबाईला मी पहिलं तेच विचारलं, "मला हे कामून झालं?"

बाई म्हणली, नेमकं कारण अजून कुणालाच माहीत न्हाई. अंगाची राखण करणारी जी यंत्रणा असते, ती उलटून आपल्याच अंगाच्या मागं लागते. मंग कातडीत नको तेवढा माल तयार होतो अन् कातडी जाड होते.

म्हणलं, "म्हणजे राखणीचं कुत्रं घरच्यालाच चावून राह्यलं."

म्हणली, "बरोबर. पण ते का चावलं, ते सांगता येत नाही. रक्तात थोडं काही असतं, वरून बाहेरचं काही निमित्त होतं. ते निमित्त दर माणसाचं सापडत नाही." मंग विचारलं, तुम्ही धुळीत काम केलंय का?

"धुळीत? बाई, मी अंबडच्या बाजूला राहते. आम्ही धूळ खातो अन् वर पाणी पितो."

लई हसली. म्हणली, तशी न्हाई, दगड फोडायची, रेतीची धूळ. न्हाई तर कारखान्यातली काही केमिकलं. तसलं मी कधी केलं न्हाई. लाखात थोड्याच जणांना होतं म्हणे, त्यात बायाच जास्त, अन् तिशी ते पन्नाशीतल्या. एवढ्या लाख माणसांत माझा नंबर लागला. गणपतीच्या लकी ड्रॉमधी आजवर मला साधी बादली लागली न्हाई.

११ डिसेंबर

जाऊबाई आल्या, दैवशाला. बसल्या बसल्या माझ्या तोंडाकडंच बघून राह्यल्या. शेवटी म्हणल्या, "ताई, खरं सांगा. कोणती क्रीम लावता?"

कातडी ताणल्यानं माझ्या कपाळाच्या आठ्या गेल्यात, तोंड कसं इस्त्री केल्यावाणी दिसतंय. म्हणलं, "क्रीम न्हाई, आजार हाय." तिचा विश्वास बसंना. म्हणली, मला सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. हात दाखवला तवा पटलं. मंग लगेच कारण काढलं: फ्रिज.

"फ्रिज तुमच्याकडंही हाय की."

"आमचा एका दाराचा हाय ताई. तुमचा दोन दाराचा."

बोटं: दुपारी एकदा पांढरी. फ्रिजमधून दही काढताना. हे मी तिला सांगितलं न्हाई.

१५ डिसेंबर

आज ह्यांनी भाकरी सोडली.

आमचे हे, मच्छिंद्रराव, साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर हायेत. लग्न झाल्यापासून दोन्ही टाइम भाकरी. एकदा डब्यात पोळी नेली तर मैतर विचारायला लागले, घरी भांडण झालं का? अन् आज ताटावर बसून म्हणतेत, "भाकरी नको. भाकरीनं मला ॲसिडिटी होऊन राह्यली."

ॲसिडिटी मला हाय! ह्या आजारात होतेच म्हणली बाई. गोळी मला दिली. दुखणं माझं अन् पथ्य ह्यांचं. म्हणले, "भात खातो, अन् कुकर मीच लावतो." लावला, अन् त्याच्यापुढं उभे राहून शिट्टीकडं बघून राह्यले, बॉयलरचा काटा बघतेत तसे. भाताची पेज झाली. तीच पेज ताट चाटून खाल्ली.

अख्ख्या कॉलनीत माझ्या भाकरीचं नाव हाय. आता बोटं पुरी वळत न्हाईत, भाकरी कडंला उलते, थापताना मनगटातून कळ येते, हे मला दिसतंय. पण तोंडातून हूं काढलं न्हाई मी. मंग ह्यांना कसली ॲसिडिटी?

माझ्या हाताची किळस आली असंल. लिहितानाही रडू येऊन राह्यलं.

१९ डिसेंबर

जेवताना मी भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणलं, "डॉक्टरीणबाई म्हणली, हा आजार लागट न्हाई. हात लावून, सोबत जेवून कुणाला होत न्हाई."

हे म्हणले, "मला माहीत हाय." अन् माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली.

माणसाचा थांग लागत न्हाई.

२३ डिसेंबर

ड्युटी सुटते पाचला. हे घरी येऊन राह्यले साडेसातला. म्हणतेत गाळप जोरात हाय. ठीक. पण आज घड्याळाच्या पट्ट्यात पीठ होतं. ज्वारीचं. उसाच्या कारखान्यात ज्वारी कवापासून गाळायला लागले?

"गिरणीत गेल्तो."

"दळण तर मी परवाच आणलं."

"मंग सहज गेल्तो."

सहज कुणी गिरणीत जातं का! अन् अंगठ्याला चटका. म्हणले वेल्डिंगचा. मी काय आंधळी न्हाई. शेजारच्या ताराबाईनं सांगितलं, हे रोज संध्याकाळी चतुराबाईच्या खानावळीत दिसतेत. चतुराबाई ट्रॅक्टरवाल्यांसाठी भाकऱ्या करते. म्हणजे भाकरी चालते. फक्त माझ्या हातची चालत न्हाई.

बोटं: चार वेळा. थंडी होतीच, पण रागानंही पांढरी होतेत हे आज कळलं. डॉक्टरीणबाई, ह्याची नोंद घ्या.

२८ डिसेंबर

आज जालन्याहून फोन आला, अन् घरात धांदल उडाली.

तृप्तीला एक स्थळ आलंय. पोरगा सोमेश्वर, नवीन जालन्यात बँकेत हाय. घर जुन्या जालन्यात, मस्तगडला. वडील सर्जेराव, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. पोरगा-पोरगी एकाच टपरीवर चहा पितेत हे आम्हाला मागून कळलं, पण पत्रिका जुळली, आता कामून बोला? फोनवर त्याची आई, गिरिजाबाई, म्हणली, "पौषात सुपारी फोडायची न्हाई, पण जेवायला यायला काय हरकत? भोगीला येतो. तुमच्या भाकरीची लई तारीफ ऐकली तृप्तीकडून. भोगीची बाजरीची भाकरी तुमच्याच हातची खायची बरं का." अन् फोन ठेवता ठेवता हळूच विचारलं, "तुमच्या हाताला काही झालंय म्हणे?"

मी घाईनं म्हणलं, भोगीला वाट बघतो, अन् फोन ठेवला. जालन्यात कुणीतरी काहीतरी बोललंय. लोकं पांढरं बोट बघतेत अन् थेट कोड म्हणतेत, न्हाई तर त्याहून वाईट. माझ्यापायी पोरीचं जमलेलं मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

संध्याकाळी बैठक बसवली. हे, मी, तृप्ती, दैवशाला अन् माझा भाऊ तातेराव. विषय एकच: सोयऱ्यांना काय कारण सांगायचं?

हे म्हणले, "साबण. भांड्याच्या साबणानं हात खराब झाले. रक्ताचा काही संबंध न्हाई, विषय संपला."

तातेराव म्हणला, "दाजी, साबणानं हात खराब झाले म्हणलं तर ते म्हणतील पोरगी भांडे घासंल का न्हाई. त्यापेक्षा करंट सांगा. मोटर चालू करताना करंट बसला. करंटाला कुणी नाव ठेवत न्हाई."

"कोणती मोटर? आपल्याकडं नळ हाय."

"ते कुठं बघायला येतेत?"

दैवशालाचं फ्रिजच.

तृप्ती म्हणली, "खरं सांगा ना. कारण माहीत नाही म्हणा. आमच्या लॅबमध्ये एखादं बी उगवलं नाही अन् कारण सापडलं नाही तर आम्ही तसंच लिहितो."

तातेराव म्हणला, "बियाची सोयरीक करायची नसते, बाई."

शेवटी साबण ठरला. मी सगळ्यांना बजावलं, दुसरं कुणी काही बोलायचं न्हाई. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या घरात माना लई लवकर हलतेत.

१ जानेवारी

डायरी मागच्या वर्षाची, म्हणून फिरून पहिल्या पानावर आले. जानेवारीला ज्वारीचं कणीस आलंय. बघूनच चीड आली.

६ जानेवारी

आज तोंडाला पदर गुंडाळून चतुराबाईच्या खानावळीत गेले. भांडायलाच गेल्ते. चतुराबाई परातीपुढं बसलेली, म्हणली, "या वहिनी, बसा, चहा ठेवते."

"चहा नको. आमचे हे इथं रोज जेवायला येतेत, खरं का?"

"न्हाई बाई. एक घास न्हाई खाल्ला त्यांनी इथं."

"मंग काय करतेत इथं दोन दोन तास?"

ती हसायला लागली. पदरानं तोंड झाकून हसली अन् म्हणली, "त्यांनाच विचारा. मला शपथ घातली हाय."

शपथ! तिथंच दारात बोटं निळी झाली. चतुराबाईनं पटकन माझे हात धरून तव्याच्या वाफेवर धरले. जिच्याशी भांडायला गेले तिच्याच तव्यावर हात शेकून आले. चहाही पिले. घरी आल्यावर माझाच मला राग आला.

१२ जानेवारी

उद्या भोगी. सगळे बाहेर होते तवर दार लावून बाजरीची एक भाकरी करून बघितली. बाजरी लई हट्टी, गरम पाण्यात मळून जोर लावला तरच ऐकते. अन् जोर लावायला मूठच वळत न्हाई. भाकरी परातीतून उचलली अन् मधूनच फाटली. दुसरी फाटली. तिसरीचे तुकडे चिमण्यांना टाकले.

ज्या हातानं ढीगभर भाकऱ्या बोलत बोलत थापायचे, ते हात माझे राहिले न्हाईत. ओट्याला धरून रडले.

हे आले तवा डोळे पुसले. म्हणलं, "उद्या चतुराबाईकडून भाकऱ्या आणा. गुपचूप. तुमची तिथं ओळख हायच."

हे म्हणले, "बाहेरून कशाला? घरीच होतील."

"कोण करंल?"

"बघू सकाळी." अन् घोरायला लागले. ह्यांना माझी काही पडलेली न्हाई.

१३ जानेवारी, भोगी

काय लिहू अन् काय न्हाई.

सकाळी वांगं, गाजर, हरभरा, शेंगा, बोरं, सगळी मिसळून भोगीची भाजी तृप्तीनं केली. पाहुणे आले. गिरिजाबाई ठसठशीत बाई, आल्या आल्या माझ्या तोंडाकडं बघून म्हणल्या, "विहीणबाई, क्रीम कोणती लावता?" मी हात पदराखाली घेतले अन् म्हणलं, "भाकऱ्या टाकते गरम गरम," अन् स्वयंपाकघरात पळाले. आत बघते तर हे! चांगल्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, परात पुढ्यात, बाजरीचं पीठ मळून तयार.

"काय करून राह्यले?"

"दार लाव. तू बाहेर आवाज दे, मी थापतो."

अन् माणूस थापायला लागला की! थप थप थप. भाकरी फिरवली, तीळ लावले, उचलली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. फाटली न्हाई. गोल मात्र बिलकुल न्हाई. खिशातून स्टीलची पट्टी काढली अन् लावून बघितली. म्हणले, "कडंला दोन एमएम जाड हाय."

मी म्हणलं, "चतुराबाईकडं हे करत होते?"

"मंग काय करत होतो? पहिले चार दिवस तिनं पीठच हातात दिलं न्हाई. बोलू नको आता, तवा तापला."

मी दारामागून मोठ्यानं, "झाल्या बरं का, आल्याच!" असं ओरडत राहिले अन् हे थापत राहिले. बाहेरून सर्जेराव म्हणलेले ऐकू आले, "आवाजच सांगतो, हात बसलेला हाय विहीणबाईंचा."

तेवढ्यात दार लोटून गिरिजाबाई आत. "म्हणलं एखादं काम हातात घ्यावं, तुम्ही एकट्याच..."

अन् बघतेत तर काय! ह्यांच्या दोन्ही तळव्यांवर भाकरी, कोपरापोतर पीठ, मिशीला तीळ. गिरिजाबाईनं विचारलं, "हे काय चाललंय?"

आमचे हे घाबरले, अन् घाबरून जे ठरलं होतं तेच बोलले. म्हणले, "साबणामुळं."

भाकरी पडली.

गिरिजाबाईनं पाट ओढला अन् बसल्या. म्हणल्या, "हे बघा. तुमच्या जाऊबाईंनी मला फोन करून फ्रिज सांगितला. तुमच्या भावानं दुकानात येऊन आमच्या ह्यांना करंट सांगितला. आता हे म्हणतेत साबण. आमच्या घरात तिन्ही हायेत. मी नेमकं कशाला भ्यावं, तेवढं सांगा."

मनात म्हणलं, आता मोडायचं तर मोडू द्या. पदर बाजूला केला अन् दोन्ही हात तिच्यापुढं धरले. बोटं पांढरीफट होती.

"विहीणबाई, ह्याचं नाव स्क्लेरोडर्मा. कोड न्हाई, लागट न्हाई. कातडी कडक होते. कामून होतं, ते मोठ्या डॉक्टरीणबाईलाही माहीत न्हाई. आम्हाला कारण सापडलं न्हाई, म्हणून आम्ही तीन कारणं तयार केली. चुकलं आमचं."

"पोरीला होईल का?"

हाच प्रश्न मीही डॉक्टरीणबाईला विचारला होता. म्हणलं, "आईला झालं म्हणून लेकीला होतंच असं न्हाई. बहुतेक होत न्हाई. दुसऱ्यांपेक्षा शक्यता जराशी जास्त, पण तीही लई थोडी. गॅरंटी मात्र कुणीच देत न्हाई, अन् मीही खोटी देणार न्हाई."

तव्यावरची आधीची भाकरी करपायला लागली. हे हळूच म्हणले, "उलटू का?" मी म्हणलं, "उलटा."

गिरिजाबाईनं माझे हात धरले, दाबून बघितले, अन् आपल्या मांडीवर घेऊन चोळायला लागल्या. म्हणल्या, "गॅरंटीचं काय घेऊन बसल्या? आमच्या ह्यांना शुगर. ह्यांच्या बापाला शुगर, आजोबाला शुगर. सोमेश्वर आत्ता चहात तीन चमचे घेतो. त्याची गॅरंटी मी तुम्हाला कुठून देऊ? ते मी लपवूनच ठेवलं होतं, भोगीचं जेवण होईस्तवर."

मंग त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. विचारलं, "कधी शिकले?"

हे भाकरीला पाणी लावत म्हणले, "महिना झाला. हिला थापताना कळ येत होती. बोलत न्हाई ती, पण भाकरी कडंला उलायला लागली की कळतं. नको म्हणलं असतं तर ऐकली नसती. म्हणून ॲसिडिटी झाली."

गिरिजाबाईनं पदर डोळ्याला लावला. मंग माजघरात ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "सोमेश्वर! अरे मोबाईल ठेव अन् इकडं ये. बस इथं. तुझे सासरे काय करतेत ते नीट बघून घे."

सासरे म्हणली. पौषात म्हणली, पण म्हणली.

तो पोरगा बँकेचा शर्ट घालून परातीपुढं बसला. त्याची पहिली भाकरी आम्ही गाईला दिली. दुसरी पण.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला. तातेरावालाही दिला, पण दोन शब्द सुनावून. तो म्हणतो, करंट सांगितला म्हणूनच त्यांना साबण हलका वाटला.

बोटं: काल किती वेळा पांढरी झाली ते बघायचं राहूनच गेलं. माफ करा बाई.

२५ जानेवारी

आज सुपारी फुटली. तृप्ती-सोमेश्वरचं पक्कं झालं. तारीख वैशाखात. तृप्तीनं माझ्यासाठी लोकरीचे हातमोजे आणले, लाल. ते घालूनच मी कुंकू लावलं, निम्म्या बायांच्या नाकाला लागलं.

उद्या संभाजीनगरला दाखवायला जायचंय. डॉक्टरीणबाई ही डायरी वाचतील, म्हणून खाली नीट लिहिते. बोटांची टोकं कडकच हायेत. गोळ्या बराबर चालू. थंड पाण्यात हात घालत न्हाई, घालू देत न्हाईत. गिळायला कधी कधी अडकतं, पण घास लहान घेते.

रोजच्या भाकऱ्या आता हे करतेत. एका अंगाला जाड, एका अंगाला करपलेल्या, अन् आकार असा की वाढताना कोणती बाजू पुढं करावी कळत न्हाई. मी मुकाट्यानं खाते अन् वरून अजून अर्धी मागते. आजपर्यंतच्या माझ्या संसारात मला कुणी गरम भाकरी वाढली नव्हती. मीच सगळ्यांना वाढायचे अन् शेवटी गार खायचे.

अन् डॉक्टरीणबाई, आणखी एक. ह्यांची ॲसिडिटी एकदम गेली. आता दोन्ही टाइम तीन तीन भाकऱ्या खातेत. मी विचारलं, "कशानं गेली हो?"

म्हणले, "कारण डॉक्टरलाही माहीत नसतं."